मुरारीचा मेन स्विच

"ह्या महिन्याचं बिल एवढं बारीक येतंय, की वाचायला चष्मा लागंल!" मुरारीनं पडवीत उभं राहून जाहीर केलं.

चंद्रभागा भिजलेले वाल सोलत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. नवऱ्याच्या अशा घोषणा ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. मागे एकदा त्यानं मधमाश्या पाळायची घोषणा केली होती, तेव्हा मधमाश्या घरात आणि ही दोघं गोठ्यात, असा मुक्काम झाला होता. त्यामुळं ती नुसतं म्हणाली, "बरं."

"बरं काय? ह्या बिलावर आपलं सगळं अडलंय गो!"

हे मात्र खरं होतं. टेपवाडी पोलादपूरपासून आत, डोंगराच्या अंगावर. बहुतेक घरांना कुलुपं आणि माणसं मुंबईला. गणपतीला नि शिमग्याला तेवढी घरं उघडायची, भांडणं उकरून काढायची आणि पुन्हा बंद व्हायची. वाडीच्या वरच्या अंगाला बाराही महिने चूल पेटायची ती एकट्या मुरारीची. मुलगा किशोर आणि सून श्रुतिका डोंबिवलीला. विजेचं बिल किशोरच्या मोबाईलवर जायचं आणि तोच ते भरायचा. मागचं बिल जरा फुगलं आणि त्याचा फोन आला.

"बाबा, दोन माणसांना एवढं बिल? त्यापेक्षा घर बंद करा आणि इकडे या. मी शनिवारी गाडी घेऊन येतोय. या वेळी नाही म्हणू नका, प्लीज!"

बिल हे निमित्त होतं. महाडकडच्या तळीये गावावर डोंगर खाली आला, त्या सालापासून दर पावसाळ्यात किशोरला झोप लागत नव्हती, हे मुरारीला कळत होतं. पण पोराच्या भीतीला काय उत्तर द्यायचं ते त्याला सुचत नव्हतं. बिलाला देता येत होतं! म्हणून त्यानं बिलच धरलं. शनिवारी पोरगा आला की त्याला मीटर दाखवायचा, टापटीप घर दाखवायचं आणि म्हणायचं, बघ, तुझा बाप अजून घर चालवतो. हे घर, हे शेत, हा डोंगर सोडून डोंबिवलीच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत बसणं त्याला जमणार नव्हतं.

आणि ज्ञान तर त्याला नुकतंच मिळालं होतं. महाडला डोळे तपासायला गेला असताना डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून त्याला बाहेर बसवलं. समोर टीव्हीवर कार्यक्रम चालू होता, 'घरच्या घरी वीज वाचवा'. डोळे मिटलेले असल्यामुळं मुरारीला दिसलं काहीच नाही, पण ऐकलं सगळं! नुसतं ऐकलेलं ज्ञान फार धोक्याचं. त्यात मधल्या जागा माणूस आपल्या अकलेनं भरतो.

दुसऱ्या दिवसापासून टेपवाडीत बचत सुरू झाली. फ्रिजचं दार सारखं उघडलं की वीज जाते, म्हणून दार दिवसातून दोनदाच उघडायचं ठरलं.

"आत काय काय पायजे ते आधी तोंडानं बोल, मग दार उघड!" मुरारी फ्रिजला पाठ लावून उभा.

"दूध, मिरच्या, कालचं कालवण."

"पक्कं? मागनं कोथमीर म्हणायचं नाय!"

दार उघडलं, बंद झालं आणि चंद्रभागाला कोथिंबीर आठवली. कोथिंबीर संध्याकाळी मिळाली. तोवर आमटी जेवून झाली होती.

मग पाणी तापवायची कांडी जप्त झाली. टीव्हीवाल्यानं सांगितलं होतं, काळ्या पिंपात पाणी भरून उन्हात ठेवा, आपोआप तापतं. मुरारीनं ठेवलं. पण तो बोलला असेल भर उन्हाळ्याचं, आणि हा होता पोलादपूरचा आषाढ! सूर्य कुठल्या बाजूला आहे तेही कळत नव्हतं. पिंपात पाणी तापायच्या ऐवजी वरून आणखी पडत होतं. मुरारीनं त्याच पाण्यानं अंघोळ केली आणि दिवसभर शिंकत राहिला.

"शिंकंला वीज लागत नाय, ह्ये बरं हाय," चंद्रभागा म्हणाली.

चार्जर नुसता लावून ठेवला तरी वीज खातो म्हणून चार्जर पेटीत गेला. मुरारीनं स्वतःचा मोबाईलही बंद करून खिशात ठेवला. गरज पडली की चालू करायचा!

एक दिवा मात्र या तडाख्यातून सुटला होता. पडवीतला. त्या दिव्याची गोष्ट अशी, की दरीच्या पलीकडं, बरोबर समोर, कोंडवाडी. तिथं चंद्रभागाची थोरली बहीण तुळजाबाई आणि तिचा नवरा हैबती राहायचे. तळीयेच्या त्या पावसाळ्यानंतर दोन्ही वाड्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. तिन्हीसांजेला प्रत्येक उघड्या घरानं पडवीत दिवा लावायचा. इकडच्यांनी तिकडं बघायचं, तिकडच्यांनी इकडं. सगळीकडचीच वीज गेली तर प्रश्न नाही. पण बाकीचे दिवे दिसतायत आणि एकच दिसत नाही, असं झालं तर फोन करायचा. फोन लागला नाही तर विचार करत बसायचं नाही, निघायचं. आजवर कुणाला निघावं लागलं नव्हतं. तरी तुळजाबाई रोज संध्याकाळी अंगणात येऊन बहिणीचा दिवा बघायची आणि मगच भाकऱ्या थापायला बसायची.

"त्या दिव्याला हात लावायचा नाय," चंद्रभागानं बजावलं होतं.

"मी काय खुळा हाय?" मुरारी म्हणाला होता.

शनिवार उजाडला. किशोर-श्रुतिका संध्याकाळी येणार होते. मुरारीनं त्यांच्यासाठी बचतीतला हुकमी एक्का राखून ठेवला होता. अर्धवट शिजलेलं भांडं चुलीवरून उतरवून नीट गुंडाळून ठेवलं, तर आतल्या आत अन्न पूर्ण शिजतं, गॅस निम्मा लागतो! जितकं अन्न जास्त तितकी ऊब जास्त, असंही त्यानं ऐकलं होतं. म्हणून त्यानं गणपतीतले दोन मोठे टोप माळ्यावरून काढले. एकात भात, एकात वालाचं बिरडं, रविवारचंही आजच. एकेक उकळी आल्याबरोबर गॅस बंद. झाकणं फडक्यानं करकचून बांधली. जमीन ओली, म्हणून टोप खाटेवर ठेवले, डोक्याकडं भात, पायांकडं बिरडं. मध्ये आणि आजूबाजूला पेंढा कोंबला. वरून गोधडी, गोधडीवर घोंगडी, आणि कडा आत खोचल्या.

चंद्रभागा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "माझ्या बाळंतपणात कदी एवढं गुंडाळलं नाय मला!"

पावसाळ्यात गाडी खालच्या फाट्यापर्यंतच यायची, वरची वाट पायीच. अंधारायच्या आत दोघं पोरांना घ्यायला निघाली. चंद्रभागानं पडवीतला दिवा लावला, छत्री घेतली आणि पुढं झाली. मुरारी डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन दाराला कडी घालायला मागं राहिला. आणि तिथं त्याला टीव्हीवरचं शेवटचं वाक्य आठवलं. 'घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायला विसरू नका!' एवढा एकच उपाय राहिला होता. घरात माणूस नाही, मग वीज कुणासाठी? मुरारीनं खटकन मेन स्विच पाडला आणि समाधानानं वाट उतरू लागला. पाठीमागं पडवी अंधारली, पण त्यानं मागं वळून बघितलं नाही.

पुढं घरात जे झालं ते मुरारीनं पाहिलं नाही. पण नंतर ते त्याला इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकावं लागलं, की पाहिल्यासारखंच झालं.

कोंडवाडीत तुळजाबाई अंगणात आली. समोर टेपवाडीच्या खालच्या अंगाचे दिवे दिसत होते, खांबावरचा दिसत होता. चंद्रीचा नव्हता! हैबतीनं फोन लावला. मुरारीचा बंद. चंद्रभागाचा वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. तो बिचारा घरातल्या फळीवर वाजून वाजून थकला. हैबतीनं डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतली, बॅटरी उचलली आणि हाळी दिली. वाडीतली होती नव्हती ती माणसं निघाली. गुडघे धरलेली तुळजाबाईसुद्धा! ओढ्यावरचा साकव ओलांडून, चिखलातून घसरत, अर्ध्या तासाची चढण त्यांनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक.

कडी काढून बघतात तर घरात काळोख. मुरारी बाहेरून कडी घालून बेपत्ता. आणि खाटेवर डोक्यावरून गोधडी घेऊन कुणीतरी निपचित पडलेलं!

"चंद्रे! गो चंद्रे!" तुळजाबाईनं गोधडीवर हात ठेवला आणि किंचाळली, "अंग नुसतं भाजतंय गो हिचं!"

"सरा, मला बगू द्या!" हैबती पुढं झाला. माणसांच्या आजारातलं आपल्याला कळतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं. त्यानं पांघरुणाच्या कडेतून हात आत घातला. हाताला पेंढा लागला. "केस किती राठ झालेत! अंगात रगतच नाय उरलेलं."

तेवढ्यात पायांकडून आवाज आला. गुडगुड, गुडगुड.

"पोटात गुडगुडतंय! कायतरी खाल्लंय हिनं!"

"तोंड तरी बगूया," कुशाबा नावाचा एक शेजारी म्हणाला.

"खबरदार! वारा लागंल!" हैबती ओरडला. "एवढ्या तापात गार वारा लागला तर संपलं! हाय तशी उचला. डोली बांधा!"

या डोंगरात आजारी माणूस खाली रस्त्याला न्यायचं तर डोलीच. बांबू, दोरी, घोंगडी, आणि चौघांचे खांदे. बघता बघता भात आणि बिरडं डोलीत चढलं. उचलताना कुशाबाचे डोळे पाणावले. "किती हलकी झालीय गो वयनी!"

"त्या चिकट्या मुरारीनं खायला घातलं तर ना!" हैबती म्हणाला, आणि डोली निघाली.

इकडं फाट्यावरच्या शेडमध्ये चंद्रभागानं सहज विचारलं, "पडवीतला दिवा नीट ऱ्हायला न्हवं? वाऱ्यानं कदीमदी लुकलुकतो."

"लुकलुकायचा प्रश्नच नाय!" मुरारी ऐटीत म्हणाला. "मेन स्विचच पाडलाय!"

चंद्रभागानं कपाळावर हात मारला. मग मुरारीच्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बिनविजेचा!

"आक्का बगत असंल वो! फोन लावा! आदी फोन लावा!"

मुरारीनं खिशातला मोबाईल काढला, चालू केला. मोबाईलनं एकदा उजेड दाखवला आणि मान टाकली. चार्जर पेटीत होता. दोघं छत्री तशीच टाकून वाटेला लागली आणि पहिल्याच वळणावर समोरून बॅटऱ्यांचे उजेड हलत येताना दिसले. मधोमध डोली! आणि डोलीच्या पुढं हैबती.

चंद्रभागा मटकन दगडावर बसली. "आक्का! माझी आक्का! दिवा दिसला नाय म्हणून धावत निगाली आन साकवावर पडली! तुमच्या बचतीनं माझी आक्का घालवलीत वो!"

आईच्या मागं चंद्रभागाला या थोरल्या बहिणीनंच वाढवलेलं. आता हिला काय तोंड दाखवायचं? पण डोंगरात डोली भेटली की वाटसरूनं आधी खांदा द्यायचा, चौकशी मागाहून करायची, ही इकडची रीत. मुरारी खोळीत तोंड लपवून पुढं झाला आणि थकलेल्या कुशाबाच्या जागी मागच्या बाजूला खांदा लावला. पाऊस, काळोख, खाली बघत टाकलेली पावलं. कुणी कुणाचं तोंड बघितलं नाही.

थोडं चालल्यावर त्याच्या मानेवर काहीतरी कोमट गळलं. मुरारीनं मान बाजूला केली नाही. म्हातारं माणूस, बेशुद्ध, असं व्हायचंच, त्याला वाटलं. उलट त्याच्या मनात माया दाटून आली. मेव्हणीनं आजवर किती वेळा जेवायला घातलं होतं! आणि काय आश्चर्य, आत्तासुद्धा तिच्या आठवणीनं वालाच्या बिरड्याचा वास येत होता.

"कसं झालं हो?" त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"काय सांगू?" पुढून हैबती बोलला. मागं कोण आहे, ते त्याला कळलं नव्हतं. "काळोखात बेसुद सापडली. नवरा बेपत्ता! असला नवरा कुणाला नको बाबा. एक नंबरचा चिकट आन वर शाना!"

मुरारीला भडभडून आलं. बायकोच्या दुःखात माणूस स्वतःलाच शिव्या घालतो म्हणतात ते हेच! "असं नको म्हनू रे," तो म्हणाला. "नवरा तसा वाईट नव्हता. जरा बोलायला फटकळ, पण जीव लावायचा तिला."

"कसला जीव! म्हातारपणी जरा उजेडात बसू दिलं नाय तिला!"

"त्यात नवऱ्याची काय चूक? दुसऱ्याच एका गाढवापायी झालं ह्ये," मुरारी म्हणाला आणि रडू लागला. मागून चंद्रभागा रडत होती. आणखी मागून, गुडघे धरून उतरणारी तुळजाबाई रडत होती. दोघी बहिणी एकमेकींसाठी रडत होत्या आणि दोघींच्या मध्ये पावसाच्या आवाजाएवढंच अंतर होतं.

डोली फाट्यावर उतरली, तेवढ्यात गाडी आली. दिव्यांचा झोत सगळ्यांवर पडला. किशोर दार उघडून पळत आला.

"काय झालं? बाबा, कोण आहे डोलीत?"

"किशोरा!" हैबती पुढं होऊन त्याच्या गळ्यात पडला. "तुझी आय रे! तुझी आय!"

किशोर त्याला बाजूला सारून डोलीकडं वळला. याच दृश्याच्या भीतीनं त्यानं इतके पावसाळे काढले होते. आणि तेवढ्यात त्याच्या समोर, गाडीच्या उजेडात, आई उभी होती. ओलीचिंब, रडून डोळे सुजलेली.

"आई?"

"चंद्री?" हैबती.

"चंद्रे!" मागून येऊन पोहोचलेली तुळजाबाई.

"आक्का!" म्हणत चंद्रभागा धावली. दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि मघाच्या दुप्पट रडल्या. मुरारी आणि हैबती एकमेकांकडं बघत उभे राहिले. आपण कुणाची बाजू कुणाकडं मांडली, हे दोघांनाही आता हळूहळू समजू लागलं होतं.

मग श्रुतिकानं साधा प्रश्न विचारला. "पण मग यात कोण आहे?"

सगळे डोलीपासून दोन पावलं मागं सरले. डोली गुडगुडली.

शेवटी मुरारीच पुढं झाला. त्याच्या मानेला हात गेला होता, हात नाकाशी गेला होता आणि त्याला सगळं कळलं होतं. त्यानं घोंगडी काढली, गोधडी काढली, पेंढा बाजूला केला आणि भाताच्या टोपाचं झाकण उघडलं. भसकन वाफ वर आली. एकेक शीत मोकळं, फुललेलं!

"शिजला!" मुरारी नकळत ओरडला. "निम्म्या गॅसमंदी शिजला!"

कुशाबा चिखलात बसून हसायला लागला, तो थांबेचना. "मी भातासाठी रडलो रे! वयनी म्हणून भाताला डोळे पुसले!" मग तुळजाबाईला हसू फुटलं, मग सगळ्यांना. हैबती तेवढा गंभीर होता. "पण ताप होता, ह्ये तर खरं ना?" तो म्हणत राहिला.

भात आणि बिरडं पुन्हा डोलीत घालून वर नेलं. घरी आल्यावर चंद्रभागानं आधी मेन स्विच वर केला, मग देवाला हात जोडले. सगळी कोंडवाडी मुरारीच्या पडवीत जेवायला बसली. बिरडं थोडं सांडलं होतं, तरी पुरलं. चंद्रभागानं बहिणीला आपल्या शेजारी बसवलं आणि जेवताना तिचा हात काही सोडला नाही.

किशोर मात्र मान खाली घालून जेवत होता. मुरारी ताटातला भात नुसता चिवडत होता. मीटर दाखवायचं राहिलं, घर दाखवायचं राहिलं. दाखवली काय तर डोली! आता पोरगा उद्या सकाळीच कपडे भरायला लावणार, हे त्याला दिसतच होतं.

"काका," किशोरनं हैबतीला विचारलं, "दिवा दिसला नाही म्हणून एवढ्या पावसात तुम्ही सगळे लगेच निघालात?"

"मग काय करायचं होतं?" हैबतीला प्रश्नच कळला नाही. "दिवा नाय दिसला, फोन नाय लागला, निगालो."

"मावशी पण?"

"माझी बहीण ना ती!" तुळजाबाई म्हणाली आणि श्रुतिकाकडं लिंबाची फोड मागितली.

किशोरनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मागच्या पावसात आमचं घर आठ दिवस बंद होतं. आम्ही श्रुतिकाच्या माहेरी होतो. परत आलो तर समोरच्यांनी विचारलं, कुठे बाहेर निघालात का?" त्यानं मुरारीकडं बघितलं. "बाबा, मला वाटायचं, तुम्ही दोघं इथं एकटे आहात."

मुरारीनं खाली मान घातली. त्याचे डोळे भरून आले, आणि या वेळी थेंब डॉक्टरांनी घातलेले नव्हते.

"राहा तुम्ही इथं," किशोर म्हणाला. "मी पुन्हा विषय काढणार नाही. बिल कितीही येऊ दे, मी भरतो. माझी फक्त एकच अट आहे."

"बोल रे बाळा! कुठलीबी अट!"

किशोरनं खरकट्या हातांनीच हात जोडले. "बाबा, तुम्ही आता काहीही वाचवायचं नाही!"

पंगतीनं एकमुखानं मान हलवली. सगळ्यांत जोरात हलवली ती चंद्रभागानं. आपली कर्तबगारी दाखवून इथं राहायचं, एवढाच मुरारीचा बेत होता. राहायला मिळालं, पण कर्तबगारी दाखवायची नाही, या बोलीवर!